पाइपलाइन अडली की तेल रुळावर येतं

फाटकबंद | रविवार, रात्री ९.४०

दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की आमच्याकडचं कच्चं तेल रेल्वेनेही जातं. त्यावर तिघांनी विचारलं, पाइपलाइन असताना हा उपद्व्याप कशाला? तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी कॅनडातल्या कॅलगरीत (अल्बर्टा प्रांत) असतो. एका तेल कंपनीत (नाव विचारू नका) पुढच्या महिन्याचं तेल कुठल्या वाटेनं धाडायचं याचा हिशोब बघतो. आई शेजारणींना 'तो तेलाच्या गाड्या लावतो' असं सांगते आणि मला ते माझ्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा बरं वाटतं.

आधी साधी बेरीज-वजाबाकी. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. एका टँक वाघिणीत हलकं तेल असेल तर साधारण ७०० पिंपं मावतात. अल्बर्टाचं डांबरासारखं जड तेल असेल तर वजनाची मर्यादा आधी येते आणि आकडा सहाशेच्या आसपास अडकतो. अशा शंभर वाघिणींची एक गाडी, म्हणजे ६० ते ७० हजार पिंपं. खर्च ढोबळ मानाने पाइपला पिंपामागे पाच डॉलर पडत असेल तर रेल्वेला दहा ते पंधरा. मग कोण शहाणा रेल्वेने पाठवेल?

त्यासाठी अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटात जायला हवं. २००८ नंतर तिथल्या बाकन खडकातून तेल भराभर निघायला लागलं. विहीर काही आठवड्यांत खोदून होते, पण पाइपलाइनला जमीन, परवानग्या, कोर्टकचेऱ्या, आणि मुख्य म्हणजे दहा-वीस वर्षांची करारपत्रं लागतात. तेल घाला न घाला, भाडं भरा. अशा शेल खडकातल्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात धाडकन उतरतं, मग अशी सही करताना कुणाचाही हात थरथरेल. रूळ मात्र शंभर वर्षांपूर्वी गव्हासाठी टाकलेले होतेच. टर्मिनल उभारलं की झालं. शिवाय पूर्वेला फिलाडेल्फिया आणि पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यातल्या रिफायनऱ्या, यांच्याकडे बाकनहून एकही पाइप जात नाही. त्या जहाजाने येणारं महाग तेल घेत होत्या आणि मधे अडकलेलं बाकनचं तेल स्वस्त मिळत होतं. त्या फरकात रेल्वेचं भाडं सुटायचं. २०१४ च्या शरद ऋतूत अमेरिकेत दिवसाला १० लाखांहून जास्त पिंपं रुळांवर होती.

ऑफिसात नवीन पोरं येतात त्यांना मी सांगतो, पाइपलाइन म्हणजे वीस वर्षांचं गृहकर्ज आणि रेल्वे म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. भाडं जास्त, पण उद्या सामान उचलून चालू पडता येतं. पुढे भाव पडले, तो फरक आटला, २०१७ च्या जूनमध्ये डाकोटा ॲक्सेस पाइपलाइन सुरू झाली आणि बाकनच्या कितीतरी गाड्या गायब झाल्या.

माझं म्हणणं एवढंच की 'रेल्वे बरी की पाइप' हा वाद लोक सुरक्षिततेवर घालतात. आमच्या टेबलावर प्रश्न वेगळा असतो: वीस वर्षांची सही करायला कोण तयार आहे? कुणीच नसेल किंवा कोर्टाने अडवलं असेल, तर तेल जमिनीत राहत नाही. रुळावर येतं.


अर्धवट_पुणेकर | सोमवार, सकाळी ७.५५

अकरा महिन्यांचा करार भारी. पण दोन-तीनपट भाडं देऊन वर स्फोटाचा धोका हे काही पटत नाही बुवा. पाइप जमिनीखाली गुपचूप पडून असतो. गाडी गावागावातून जाते.


तिरफळ | सोमवार, सकाळी ८.२०

वाचतेय. (जांभई देत नाही, खरंच वाचतेय.)


ब्रेकव्हॅन | सोमवार, सकाळी ९.०५

फाटकबंद, माहिती छान. मी मध्य रेल्वेत गार्ड होतो, मालगाड्यांवर. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे, माझ्या काळात गार्डच. निम्मी नोकरी कसारा-इगतपुरी घाटात गेली.

दोन प्रश्न. शंभर टँकच्या गाडीला शेवटी ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) असते का? आणि उतारावर गाडी उभी करून सोडायची वेळ आली तर नियम काय? कॅनडात एक अख्खं गाव जळालं होतं, पेपरात वाचल्याचं आठवतं. तेव्हाच मनात आलं होतं की गाडी बांधण्यात काहीतरी चूक झालेली असणार.


फाटकबंद | सोमवार, सकाळी ९.३०

काका, ब्रेकव्हॅन नाही. इथे ती केव्हाच गेली. शेवटच्या वाघिणीला एक पेटी लावतात, ती रेडिओने इंजिनाला हवेचा दाब सांगत राहते. माणसं पुढे, दोन. आणि तुम्ही म्हणता त्या गाडीवर एकच होता.

गावाचं नाव लाक मेगांतिक. त्याबद्दल 'मेपलची पानं' यांनी लिहावं, त्या मॉन्ट्रियलला आहेत आणि तिथे जाऊन आल्यात.


मेपलची_पानं | मंगळवार, पहाटे ५.१५

हाक मारलीत म्हणून आले. झोप येत नव्हती तशीही.

क्युबेकच्या आग्नेय भागातलं, तळ्याकाठचं सहा हजार वस्तीचं गाव. गाडी नॉर्थ डाकोटातून निघालेली, बाकनच्या तेलाच्या ७२ वाघिणी, जायचं होतं न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनच्या रिफायनरीला. ५ जुलै २०१३ च्या रात्री अकराच्या सुमारास एकट्या चालकाने ती नान्त नावाच्या ठिकाणी मुख्य लाइनवर उभी केली. पाच इंजिनं होती, त्यांतल्या पुढच्याचं काम धड नव्हतं, धूर आणि तेलाचे शिंतोडे उडत होते. ते इंजिन चालू ठेवून तो टॅक्सीने खाली लाक मेगांतिकच्या हॉटेलात झोपायला गेला. ही नेहमीचीच पद्धत होती.

थोड्या वेळात त्या इंजिनाला आग लागली. कुणीतरी फोन केला, अग्निशामक दल आलं, त्यांनी नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं आणि आग विझवली. रेल्वेने पाठवलेला माणूस रुळांच्या देखभालीचा होता, इंजिनाचा नव्हे. सगळं ठीक आहे असं ठरवून सगळे घरी गेले.

एक वाजायच्या जरा आधी गाडी आपोआप हलली. नान्त ते गाव साडेअकरा किलोमीटर, सगळा उतार. दिवे नाहीत, आवाज देणारं कुणी नाही. सव्वा वाजता ती ताशी १०४ किलोमीटरने गावात शिरली. तिथल्या वळणाची मर्यादा याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. ६३ वाघिणी घसरल्या, ६० लाख लिटर तेल सांडलं आणि पेटलं. शुक्रवारची रात्र, उन्हाळा, वळणाजवळच्या म्युझी-कॅफेत गाणं चालू होतं. ४७ माणसं गेली. गावाचा मध्यभाग शिल्लकच राहिला नाही.

मी गेले तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नव्या इमारती स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. आणि मधून रूळ जातात. तेच रूळ. कॅफेत बसलं की कॉफी हातात धरून आपण नकळत त्या चढाकडे बघत राहतो.


अर्धवट_पुणेकर | मंगळवार, सकाळी ८.००

बापरे. पण कच्चं तेल असं भडकतं का? आमच्या कॉलेजात सांगायचे की क्रूड चटकन पेट घेत नाही.


फाटकबंद | मंगळवार, सकाळी ८.२५

जड क्रूड नाही पेटत सहजी. बाकनचं तेल हलकं, त्यात वायू विरघळलेले, स्वभाव पेट्रोलच्या जवळचा. चौकशीत निघालं की कागदोपत्री ते कमी धोक्याच्या वर्गात दाखवलं होतं. नंतर नॉर्थ डाकोटाने २०१५ पासून नियम केला की गाडीत भरण्याआधी वायू काढून दाब ठरावीक मर्यादेखाली आणायचा.

वाघिणीही जुन्या घडणीच्या, डॉट-१११ म्हणतात त्या. मक्याच्या सिरपपासून ॲसिडपर्यंत काहीही भरायची सर्वसाधारण टाकी, पत्रा ११ मिलिमीटरच्या आसपास. २०१५ मध्ये डॉट-११७ आली: पत्रा १४ मिलिमीटरवर, दोन्ही तोंडांना पूर्ण उंचीची ढाल, वर उष्णतारोधक आवरण. कॅनडाने जुन्या वाघिणी कच्च्या तेलातून १ नोव्हेंबर २०१६ पर्यंत बाहेर काढल्या. पण सॅस्कॅचवानमध्ये ग्वेर्न्सी नावाच्या खेड्याजवळ डिसेंबर २०१९ आणि फेब्रुवारी २०२० अशा दोन महिन्यांत तेलाच्या दोन गाड्या घसरून जळाल्या, तेव्हा सुधारलेल्या वाघिणीही फुटल्या. पत्रा जाड केल्याने धोका कमी होतो, संपत नाही.


ब्रेकव्हॅन | मंगळवार, दुपारी ३.४०

जेवून परत वाचलं. मेपलताई, तुम्ही हँड ब्रेकचं लिहिलं नाहीत. किती लावले होते?


मेपलची_पानं | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

सात. पाच इंजिनं, एक नियंत्रणाचा डबा आणि एक बंद मालडबा. तेलाच्या एकाही वाघिणीला नाही. चौकशी मंडळाने म्हटलंय की किमान १७ हवे होते, परिस्थितीप्रमाणे २६ पर्यंत.


ब्रेकव्हॅन | मंगळवार, रात्री ८.५०

मग ऐका. लांबेल, पण हे मला लिहायचंच आहे.

मालगाडीला तीन तऱ्हेचे ब्रेक. एक, इंजिनाचा स्वतःचा, हवेवर चालतो. कॉम्प्रेसर चालू तोवर हवा, हवा तोवर ब्रेक. दुसरा, अख्ख्या गाडीचा. ब्रेक पाइपात हवा भरलेली असते, ती झटक्याने कमी केली की प्रत्येक वाघिणीतला डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व ओळखतो आणि ब्रेक लावतो. म्हणून गाडी तुटली, पाइप निसटला तर गाडी आपोआप थांबते. तिसरा हँड ब्रेक, चाक फिरवून साखळीने आवळायचा. त्याला हवा लागत नाही, वीज लागत नाही, फक्त माणसाचे दंड लागतात. गाडी सोडून जायची असेल तर भरवसा फक्त तिसऱ्यावर ठेवायचा. आमच्याकडे हँड ब्रेक, चाकाखाली लाकडी गुटके, साखळदंड आणि कुलूप.

तुमच्या त्या चालकाने इंजिनाच्या ब्रेकवर गाडी टेकवली असणार. हँड ब्रेक पुरेसे आहेत का हे बघायला गाडीला जरा ओढून-ढकलून बघतात. ती परीक्षा करताना इंजिनाचा ब्रेक सोडायचा असतो. न सोडता केली तर गाडी हलत नाही आणि वाटतं, बसले ब्रेक. वर्गात चाचणीला पुस्तक उघडं ठेवून पास होण्यातला प्रकार.

नंतर इंजिन बंद केल्यावर कॉम्प्रेसर बंद. हवा झिरपत गेली. आता कुणी विचारेल, हवा गेली तर दुसरा ब्रेक आपोआप लागायला हवा होता ना? नाही. डिस्ट्रिब्युटर व्हॉल्वला झटका कळतो, थेंब-थेंब गळती कळत नाही. तो तसाच बनवलेला असतो, नाहीतर जराशा गळतीने गाड्या जागोजाग अडकतील. म्हणजे जी गोष्ट चालत्या गाडीला सोयीची, तीच उभ्या गाडीला घातक.

तिथला उतार किती होता?


फाटकबंद | मंगळवार, रात्री ९.१०

काका, तुम्ही अहवाल न वाचता अहवाल सांगितलात. इंजिनाचा ब्रेक न सोडता चाचणी केली, हे त्यात तसंच आहे. हवा मिनिटाला इतकी थोडी जात होती की वाघिणींचे ब्रेक लागले नाहीत, हेही आहे. मंडळाने एकूण १८ कारणं मोजली. एक कारण तर आठ-नऊ महिने आधीचं. इंजिनाची दुरुस्ती योग्य सुट्या भागाऐवजी चिकटवण्याचं काहीतरी लावून उरकली होती, तेच पुढे निसटलं आणि आग लागली.

उतार सव्वा टक्क्याच्या आत. १.२.


ब्रेकव्हॅन | मंगळवार, रात्री ९.२५

म्हणजे एकास त्र्याऐंशी. थळ घाट, म्हणजे आमचा कसाऱ्याचा, एकास सदतीस आहे. दुपटीहून जास्त.

घाट चढताना मागून बँकर इंजिनं लागतात ते सगळ्यांनी पाहिलंय. उतरतानाची गंमत लोकांना माहीत नसते. घाटात कॅच सायडिंग असतात. काटा कायम त्या सायडिंगकडेच लावलेला, आणि सायडिंग चढावर जाऊन संपते. खाली येणारी गाडी आधी थांबते. थांबली म्हणजे ताब्यात आहे. मग काटा मुख्य लाइनला फिरतो. न थांबणारी गाडी सरळ चढावर जाऊन निजते. माणूस चुकणार हे गृहीत धरून केलेली योजना आहे ती, इंग्रजांच्या काळापासूनची.

नान्तला असं काही नव्हतं?


मेपलची_पानं | बुधवार, सकाळी ६.००

काका, हे वाचून तुम्हाला राग येईल. बाजूच्या सायडिंगला गाडी पाडणारा डिरेल लावलेला होता. पण त्या सायडिंगवर रिकाम्या वाघिणी ठेवलेल्या होत्या, म्हणून तेलाची गाडी मुख्य लाइनवर उभी करायची पद्धत पडली होती. मुख्य लाइनला डिरेल नव्हता.


ब्रेकव्हॅन | बुधवार, सकाळी ६.४५

काय बोलणार.


हिरवी_वाट | बुधवार, सकाळी १०.३०

चर्चा उत्तम आहे, पण तिचा निष्कर्ष 'म्हणून पाइपलाइन बरी' असा निघायला नको. फाटकबंद यांच्या पहिल्याच पोस्टीत तो दडलेला आहे. 'तेल जमिनीत राहत नाही, रुळावर येतं' हे वाक्य तेल कंपन्यांना फार आवडतं. अल्बर्टाचं तेल अमेरिकेत आणणाऱ्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनच्या प्रस्तावाच्या वेळी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या २०१४ च्या अहवालातही हाच सूर होता: नाही बांधली तरी तेल रेल्वेने येईलच, म्हणजे बांधल्याने फार फरक नाही.

आणि गुपचूप पडून राहणाऱ्या पाइपचं म्हणाल तर कालामाझू बघा. जुलै २०१०, मिशिगन. ३० इंची पाइप फुटला आणि १७ तास कुणी बंद केला नाही. ३१ लाख लिटरहून जास्त. ते तेल अल्बर्टाचंच होतं. त्यातला पातळ भाग उडून गेला आणि डांबर नदीच्या तळाशी बसलं. वर्षानुवर्षं गाळ उपसत होते. स्टँडिंग रॉकच्या आदिवासी लोकांनी २०१६ च्या हिवाळ्यात तंबू ठोकून जो विरोध केला तो हौस म्हणून नव्हता. डाकोटा ॲक्सेस त्यांच्या पाणीपुरवठ्याच्या वरच्या अंगाला मिसुरी नदी ओलांडते.


उरणचा_पाइपवाला | बुधवार, दुपारी १.१५

मी पाइपलाइनवाला, तेव्हा माझा कल लपवत नाही. पण हिरवी वाट म्हणतात ते कालामाझूचं खरं आहे आणि ते आमच्या धंद्यात शिकवलं जातं. पाइप बंद करत असतानाच तो फुटला. नियंत्रण कक्षात अलार्म वाजले, त्यांना वाटलं आत पोकळी झाली असेल, तेल तुटलं असेल. पोकळी भरायला म्हणून त्यांनी दोनदा पंप चालू केले. म्हणजे फुटलेल्या पाइपात आणखी तेल लोटलं. बाहेरच्या माणसाने फोन करून सांगितलं तेव्हा कळलं.

फरक असा: पाइप क्वचित फुटतो पण फुटला की ओततो. वाघिणी जास्त वेळा सांडतात, बहुतेक वेळा थोडं. पण एखादी गाडी पडली की ती भरवस्तीत पडते, कारण रूळ गावातून जातात. खरं तर गावंच रुळांच्या कडेने वसली. पाइप मुद्दाम गावाबाहेरून नेतात. लिटर मोजाल तर दोन्ही बाजूंनी आकडे काढता येतात, माणसं मोजाल तर मेगांतिकच्या जवळपास येणारं पाइपलाइनचं उदाहरण तिकडच्या क्रूडमध्ये मला तरी ठाऊक नाही.

आपल्याकडे क्रूडसाठी रेल्वेचा मामला फारसा नाही. मुंबई हायचं तेल समुद्राखालच्या पाइपने उरणला येतं. राजस्थानात बाडमेरला मंगला क्षेत्राचं तेल इतकं मेणचट की थंड झालं की थिजतं. सुरुवातीला ते तापवलेल्या टँकर-ट्रकांनी गुजरातला नेलं, आणि मग २०१० मध्ये तापवलेली पाइपलाइन आली, सगळ्या लांबीभर पाइप गरम ठेवणारी. गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटर. म्हणजे आपणही आधी भाड्याने राहिलो आणि मग कर्ज काढलं. फाटकबंदचीच उपमा.

जाता जाता: तुमच्याकडे उणे तीसमध्ये डांबर वाघिणीतून काढता कसं?


फाटकबंद | बुधवार, रात्री १०.००

पाइपवाले, तोच तर रेल्वेचा एक छुपा फायदा. पाइपातून वाहायला डांबरात तीसेक टक्के पातळ हायड्रोकार्बन मिसळावं लागतं, ते विकत आणावं लागतं आणि त्याच्या वाहतुकीचंही भाडं बसतं. वाघिणीला वाफेच्या नळ्या असतात. तेल घट्ट झालं तरी उतरवण्याच्या ठिकाणी वाफ सोडून पातळ करता येतं, म्हणून पातळ द्रव कमी घातला तरी चालतो. जड तेल असं पाठवलं तर दोन-तीनपट भाड्याची दरी बरीच भरून निघते. आणि ते पेटतही नाही चटकन.

थंडीचं दुसरं दुखणं ब्रेकव्हॅन काकांच्या खात्यातलं. उणे पंचवीसच्या खाली गेलं की ब्रेक पाइपचे रबरी जोड कडक होतात, हवा गळते, शेवटच्या वाघिणीपर्यंत दाब पोचत नाही. मग रेल्वे गाड्या आखूड करते. आणि नेमका त्याच आठवड्यात मला वरून फोन येतो की टाक्या भरत आल्यात, गाड्या वाढव.

हिरवी वाट, तुमचा मुद्दा मी झटकत नाही. 'रुळावर येतंच' हे मी जरा ठोकून दिलं. येतं, पण सगळं येत नाही. २०१८ च्या शेवटी पाइप तुंबले, अल्बर्टाच्या तेलाला अमेरिकन तेलापेक्षा ४० डॉलरहून कमी भाव मिळू लागला, तरी रेल्वे ते सगळं उचलू शकली नाही. जानेवारी २०१९ पासून सरकारलाच उत्पादन कापायला लावावं लागलं. मुख्यमंत्री रेचेल नॉटली यांनी ४,४०० वाघिणी भाड्याने घेतल्या, निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने ते करार मोडीत काढले. २०२० च्या फेब्रुवारीत कॅनडातून दिवसाला ४ लाखांवर पिंपं रेल्वेने जात होती, आणि लगेच कोविड आला. म्हणजे पाइप अडवल्याने काही तेल खरंच मागे राहिलं. किती, यावर माझ्या ऑफिसातच दोन तट आहेत.


अर्धवट_पुणेकर | गुरुवार, सकाळी ८.१०

आकडेमोड केली. अल्बर्टाहून पश्चिम किनाऱ्याला जाणाऱ्या ट्रान्स माउंटन पाइपलाइनचा विस्तार १ मे २०२४ ला सुरू झाला ना? क्षमता दिवसाला ३ लाख पिंपांवरून ८ लाख ९० हजार. म्हणजे ५ लाख ९० हजारांची वाढ. फाटकबंदच्या हिशोबाने जड तेलाच्या गाडीत ६० हजार. म्हणजे ही वाढ रेल्वेने न्यायची तर रोज दहा भरलेल्या गाड्या जाणार, दहा रिकाम्या येणार. रॉकीज ओलांडून. दर सव्वा तासाला एक गाडी, शंभर-शंभर डब्यांची.

म्हणजे तुमच्या धाग्यावरचं नाव आता बदलायला हवं, 'फाटक उघडं'.

पण त्या विस्ताराचा खर्च ३४ अब्ज कॅनेडियन डॉलर! कर्ज म्हणा की आणखी काही, सही कुणी केली?


फाटकबंद | गुरुवार, सकाळी ८.३५

सरकारने. खासगी मालकाने वैतागून अंग काढून घेतलं तेव्हा केंद्र सरकारने २०१८ मध्ये ती ४.५ अब्जांना विकत घेतली. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. बांधण्याच्या जोखमीवर सही करायला खासगी कुणी उरलं नव्हतं, शेवटी करदात्यांनी केली. त्यात मीही आलो.


कांदेनवमी | गुरुवार, सकाळी ११.००

मी निफाडची, माहेर मनमाडचं. तेलातलं काही कळत नाही, पण धागा वाचून एक विचारते. पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेलच्या टँकर वाघिणी भरून निघतात ते लहानपणापासून बघितलंय. तिथे मुंबईहून पाइपनेच येतं आणि पुढे रेल्वेने, ट्रकने. जानेवारी २०२४ ला टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या होत्या.

माझे सासरे ओरडत असायचे की कांद्याला रेक (मालगाडी) मिळत नाही, कांदा चाळीत सडतो आणि रेक दुसऱ्याच मालाला जातात. तिकडे शेतकऱ्यांना असा त्रास झाला नाही का? रूळ गव्हासाठी टाकले होते असं तुम्हीच लिहिलंय.


फाटकबंद | गुरुवार, रात्री ९.२०

ताई, नेमकं बोट ठेवलंत. झाला. २०१३ ला कॅनडाच्या प्रेअरीत गहू-कॅनोलाचं विक्रमी पीक आलं आणि हिवाळा भयंकर पडला. कोठारं भरून वाहत होती, शेतात ताडपत्रीखाली ढीग, आणि समोरून तेलाच्या गाड्या जातायत. शेतकऱ्यांनी रेल्वे कंपन्यांवर राग काढला, कंपन्या म्हणाल्या थंडीमुळे. तेलाचा वाटा किती आणि थंडीचा किती यावर अजून भांडण आहे. पण मार्च २०१४ मध्ये सरकारने दोन्ही मोठ्या रेल्वेंना प्रत्येकी आठवड्याला किमान ५ लाख टन धान्य हलवण्याचा हुकूम काढला. तुमच्या सासऱ्यांना हा हुकूम आवडला असता.


कांदेनवमी | गुरुवार, रात्री ९.४५

ते म्हणाले असते, हुकूम निघतो, रेक निघत नाही.


तिरफळ | गुरुवार, रात्री १०.०५

😂 सासरेबुवांना +१


हिरवी_वाट | शुक्रवार, सकाळी ९.००

फाटकबंद, 'ठोकून दिलं' असं कबूल करणारा तेलवाला मी पहिल्यांदाच पाहिला, म्हणून जास्त भांडत नाही. एकच विचारते. मेगांतिकनंतर शिक्षा कुणाला झाली? पैसे कुणी भरले? तुम्ही म्हणता रेल्वे म्हणजे भाडेकरार. भाडेकरू घर जाळून गेला तर मालक कोण?


मेपलची_पानं | शनिवार, पहाटे ५.५०

ते मी सांगते.

त्या छोट्या रेल्वे कंपनीचा विमा अडीच कोटी डॉलरचा होता. नुसतं सांडलेलं तेल साफ करायलाही तो पुरणार नव्हता. महिन्याभरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे तेलाशी आणि वाघिणींशी संबंध असलेल्या बऱ्याच कंपन्यांनी मिळून सुमारे ४५ कोटी डॉलरचा निधी केला, त्यातून लोकांना भरपाई मिळाली. फौजदारी खटला चालला तो चालक आणि आणखी दोन कर्मचाऱ्यांवर, आणि जानेवारी २०१८ मध्ये ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडलं. गावातल्या कितीतरी लोकांनी त्या निकालावर राग धरला नाही. त्यांचं म्हणणं होतं की पिंजऱ्यात चुकीची माणसं उभी केली होती. चालकाबद्दल एक गोष्ट मनातून जात नाही. आग लागल्यावर तो हॉटेलातून धावत आला आणि न पेटलेल्या वाघिणी बाजूला काढायला त्याने मदत केली. ती त्याचीच गाडी आहे हे सुरुवातीला त्याला माहीत नव्हतं.

गावाबाहेरून वळण-लाइन करायची घोषणा २०१८ मध्ये झाली. मग जमिनी, विहिरींचं पाणी, शेजारच्या गावांचा विरोध. मी गेले तेव्हाही गाड्या त्याच वळणावरून जात होत्या.


ब्रेकव्हॅन | शनिवार, सकाळी ७.३०

वळण-लाइन व्हायची तेव्हा होईल. नान्तला आता गाडी सोडून जातात का?


फाटकबंद | शनिवार, सकाळी ८.००

नाही काका. अपघातानंतर अडीच आठवड्यांत आदेश निघाला: धोकादायक माल भरलेली गाडी मुख्य लाइनवर माणसाशिवाय उभी ठेवायची नाही आणि अशा गाडीवर किमान दोन माणसं. हँड ब्रेक किती लावायचे त्याचे तक्तेही आले, वजन आणि उताराप्रमाणे.


ब्रेकव्हॅन | शनिवार, सकाळी ८.२०

तक्ता आमच्याकडेही होता, खिशात घडी करून. घाटात पावसाळ्यात चाकं फिरवून फिरवून हात सोलून निघायचे आणि ड्रायव्हर वरून ओरडायचा, झालं का गार्डसाहेब? मी म्हणायचो, अजून चार. तो म्हणायचा, गाडी इंजिनावर उभी आहे ना, चला. तरी मी ते चार लावायचोच, शिव्या खात.

कॅच सायडिंगचा एक जुना फोटो आहे माझ्याकडे, ब्लॅक अँड व्हाइट. उद्या नातू येणार आहे, त्याच्याकडून इथे चढवून घेतो. मला ते जमत नाही.